शब्दचर्चा: ‘अलायस’ला उपनाम म्हणावे का?

अर्धविराम
कंपायलरवरच्या (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या) टिपणांचे मराठीकरण चालू आहे आणि गाडी एका वाक्यावर अडली आहे: ‘हे दोन पॉइंटर एकमेकांचे अलायस असू शकतात, असेच कंपायलरला धरून चालावे लागते.’ पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता धरणारे व्हेरिएबल, आणि दोन पॉइंटर एकच जागा दाखवत असले की ते अलायस. ‘अलायस’साठी ‘उपनाम’ लिहिले, तर तपासनिसांचा शेरा आला, ‘पॉइंटरला आडनाव कशाला?’ लगेच पुढच्या परिच्छेदात फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले इक्विव्हॅलन्स विधान येते. तिथेही दोन व्हेरिएबल एकाच जागेवर बसतात. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

व्युत्पत्तीवेडा
तपासनिसांशी सहमत. टोपणनाव या अर्थाने ‘उपनाम’ हिंदीत रुळलाय, मराठी वाचकाला आधी आडनावच आठवते. सरळ ‘उर्फ’ घ्या. अरबीत ‘उर्फ’ म्हणजे रूढी, लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. त्यावरून ‘ज्या नावाने ओळखतात ते’. शिवाय आखूड आहे, तक्त्यात मावतो.

ऑफसेट
उर्फ इक्विव्हॅलन्सला पुरत नाही. उर्फ म्हणजे अख्ख्या माणसाला अख्खे दुसरे नाव. इथे जागा अर्धीमुर्धीही एकमेकांवर चढते. ४ बाइटांचे रिअल (दशांश संख्या) धरा. ए(१०), बी(५), सी(२०) असे तीन अ‍ॅरे. अ‍ॅरे म्हणजे सलग घरांची रांग, कंसात घरे किती ते. विधाने दोनच (यांत कंसात घराचा क्रमांक): ए(३) आणि बी(१) एका जागी, बी(५) आणि सी(१५) एका जागी.

पहिल्या विधानावरून बी सुरू होतो ए-च्या आरंभापासून ८ बाइटांवर, म्हणजे बी(५) येतो २४ वर. सी(१५) हा सी-च्या आरंभापासून ५६ वर, म्हणून सी-चा आरंभ २४ − ५६ = −३२. उणे आले म्हणून चुकले असे नाही. अख्खा गट −३२ ते ४८, एकूण ८० बाइट. सगळ्यांत ३२ मिळवा: सी ० वर, ए ३२ वर, बी ४० वर. ए आणि सी यांची नावे एकाही विधानात शेजारी आलेली नाहीत, तरी ए(१) म्हणजेच सी(९). आता सांगा, कोण कोणाचा उर्फ?

साधीभाषा
कोणीच कोणाचा नाही. ‘सामाईक जागा’ म्हणा आणि मोकळे व्हा. सामाईक भिंत म्हटल्यावर कोणाला कोश उघडावा लागत नाही.

शुद्धमती
‘सामाईक’ नव्हे, ‘सामायिक’. आणि विषय निघालाच आहे तर: कंपायलर नव्हे संकलक, व्हेरिएबल नव्हे चल, मेमरी नव्हे स्मृती. घरात शब्द असताना उसनवारी कशासाठी?

साधीभाषा
संकलक चित्रपट कापतो आणि जोडतो, नाहीतर कवितासंग्रह जमवतो. ‘संकलकाने चल नोंदवहीत ठेवला’ हे वाचून एकाही प्रोग्रामरला रजिस्टर (प्रोसेसरमधला किंमत ठेवायचा कप्पा) आठवले तर मला कळवा. ‘चल’ मात्र मान्य, शाळेच्या गणितापासून तोंडात आहे.

स्टॅकफ्रेम
‘सामायिक’मध्ये एक अडचण आहे. त्यात तिसरीच भानगड घुसते. एका फंक्शनमध्ये दोन वेगळे कंस-गट (महिरपी कंसांतले विभाग) आहेत, पहिल्यात १०२४ बाइटांचा अ‍ॅरे, दुसऱ्यात तेवढाच दुसरा. ऑप्टिमायझेशन (कोड आटोपशीर करायची पायरी) चालू असेल तर जीसीसी हा कंपायलर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) २०४८ नाही, १०२४ च्या आसपासच जागा घेऊ शकतो, कारण दोघे एका वेळी कधीच जिवंत नसतात. जागा एकच आहे, पण एकात लिहिल्याने दुसऱ्याची किंमत बदलण्याचा प्रश्नच येत नाही. याला अलायस कोणी म्हणत नाही.

बिघडते कुठे, तर पहिल्या गटातल्या अ‍ॅरेचा पत्ता बाहेरच्या पॉइंटरमध्ये जपून ठेवला आणि तो दुसऱ्या गटात वापरला की. तोवर तिथे दुसराच भाडेकरू आलेला असतो. संशय आला तर ‘एफस्टॅक-रीयूज’ हा पर्याय ‘नन’ देऊन पुन्हा कंपाइल करा. लक्षण गायब झाले तर धागा बहुधा सापडला. दुरुस्ती मात्र पॉइंटरचीच करायची, पर्याय तसाच ठेवून झाकायची नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या तपासणी-साधनात स्कोप (व्हेरिएबलची हद्द) संपल्यानंतरचा वापर पकडायची सोय आहे, ती त्याहून खात्रीची.

व्युत्पत्तीवेडा
अहो, मग शब्द मिळाला की! ती जागा ‘सामयिक’. समयापुरती एकाची, मग दुसऱ्याची. आणि इक्विव्हॅलन्सची ती ‘सामायिक’, एकाच वेळी सगळ्यांची. एका कान्याचा फरक.

शुद्धमती
आणि तो काना पहिला मुद्रितशोधक उडवील. आजही ‘सामयिक अंक’च्या जागी ‘सामायिक अंक’ सर्रास छापतात. जैन परंपरेत सामायिक हे साधनेचे नाव आहे, ते वेगळेच. इतक्या नाजूक काठीवर एवढे मोठे छप्पर नको.

ऑफसेट
काना राहू द्या, इक्विव्हॅलन्सची गंमत अर्धीच सांगून झाली आहे. हे विधान १९५७ च्या आयबीएम ७०४ वरच्या पहिल्या फोर्ट्रानपासूनचे. मेमरी तोकडी, म्हणून काम झालेल्या अ‍ॅरेच्या जागेत दुसरा बसवायचा. म्हणजे स्टॅकफ्रेम म्हणतात ते ‘सामयिक’ कामच प्रोग्रामर हाताने करत होता! फक्त कंपायलरला ते सामायिकच दिसते, कारण आयुष्ये वेगळी आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तेव्हा व्याख्या हेतूवरून करायची की कंपायलरला दिसते त्यावरून, हे आधी ठरवा.

गट बांधायची रीत: प्रत्येक नावाशी ‘माझा पालक कोण’ आणि ‘पालकापासून किती बाइटांवर’ या दोन नोंदी. नवे विधान आले की दोन्ही नावांची मुळे शोधायची. मुळे वेगळी असतील तर झाडे जोडायची आणि फरक नोंदवायचा. मूळ एकच निघाले तर फक्त पडताळा. वरच्या उदाहरणात कोणी ‘ए(१) आणि सी(९)’ लिहिले तर ते अनावश्यक पण बरोबर. ‘ए(१) आणि सी(८)’ लिहिले तर ४ बाइटांची विसंगती, तिथेच चूक दाखवायची. गॅलर आणि फिशर यांनी १९६४ मध्ये युनियन-फाइंड (गट जोडायची आणि मूळ शोधायची पद्धत) मांडले ते अशाच कामासाठी.

कॉमन ब्लॉक (प्रोग्रामच्या अनेक भागांनी मिळून वापरायची जागा) आला की नियम कडक. ए कॉमनमध्ये पहिला असेल तर सी त्याच्या ३२ बाइट आधी सुरू होणार, आणि ब्लॉक मागे वाढवायला मनाई आहे. पुढे ४० वरून ४८ झाला तर चालतो.

बाइटभर
अलाइनमेंट (किंमत ठरावीक पटीच्याच पत्त्यावर बसवणे) विसरलात. आर हा ४ बाइटांचा अ‍ॅरे, आणि डी व ई हे ८ बाइटांचे डबल. डी आर(२)वर बसवला तर गटाचा आरंभ ८ च्या पटीपेक्षा ४ ने पुढे ठेवून भागते. पण त्याच गटात ई आर(३)वर बसवला, तर कुठूनही सुरू करा, दोघांपैकी एक वाकडा राहणारच. एक्स८६ प्रोसेसरवर निभावते, स्पार्क प्रोसेसरवर बस एरर येऊन प्रोग्राम पडतो. म्हणून ‘एकत्र बसतात’ म्हणताना ‘कसे बसतात’ हेही शब्दात आले पाहिजे.

नैयायिक
संस्कृत व्याकरणात नेमका शब्द आहे: सामानाधिकरण्य. दोन शब्दांची प्रवृत्तिनिमित्ते (शब्द लागू होण्याची कारणे) भिन्न, पण आश्रय (अधिकरण) एकच. ‘निळे कमळ’मध्ये निळेपण वेगळे, कमळपण वेगळे, वस्तू एक. सी भाषेतल्या युनियनमध्ये (एकाच जागेत वेगवेगळ्या प्रकारच्या किमती) तेच: इंटपण (पूर्णांकपण) वेगळे, फ्लोटपण (दशांशपण) वेगळे, अधिकरण ४ बाइटांचे एकच.

साधीभाषा
शब्द अचूक आहे आणि उच्चारेपर्यंत प्रोग्राम चालून संपतो.

बाइटभर
नैयायिक, तुमचे निळे कमळ सी भाषेत कोमेजते. फंक्शनला इंटचा पॉइंटर पी आणि फ्लोटचा पॉइंटर क्यू दिला. पीमधून १ लिहा, क्यूमधून २.० लिहा, पीमधून वाचून परत करा. दोन्ही पॉइंटर एकाच जागेचे दिले तर ऑप्टिमायझेशनशिवाय साधारणतः १०७३७४१८२४ मिळतात, २.० चे बिट इंट म्हणून वाचले की तेच येते. जीसीसीत ओ२ या ऑप्टिमायझेशन पातळीवर १ मिळू शकतो, कारण सीच्या नियमाप्रमाणे इंट आणि फ्लोट यांनी एकच जागा दाखवायची नसते. कंपायलर दुसऱ्यांदा वाचतच नाही. लिहिणाऱ्याच्या मनात अधिकरण एक, कंपायलरच्या हिशोबात दोन!

उपाय: बिट मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने) हलवा, छोट्या आकाराला त्याचे एकाच सूचनेत रूपांतर होते. किंवा युनियनच्या नावानेच लिहा-वाचा, त्यातल्या सदस्यांचे पत्ते बाहेर वाटू नका. सी++ मध्ये युनियनची ही युक्ती नियमबाह्य आहे, तिथे २०२० च्या प्रमाणापासून बिट-कास्ट आहे. जुना कोड हाती असेल तर ‘नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग’ पर्याय द्या, म्हणजे कंपायलर हा नियम धरून चालत नाही. लिनक्स कर्नल तसाच बांधतात.

अर्धविराम
सगळे वाचले. पण माझे वाक्य पॉइंटरचे होते, आणि त्यात ‘असू शकतात’ आहे. आहेत की नाहीत हे माहीत नसताना ‘सामायिक’ तरी कसे म्हणू?

स्टॅकफ्रेम
मुद्दा खरा आहे. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाचे विश्लेषण चार उत्तरे देते: नक्की नाही, असेलही, अंशतः आहे, नक्की आहे. ‘असेलही’ आले की किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवता येत नाही. दुसऱ्या पॉइंटरमधून लिहिल्यावर पुन्हा मेमरीतून आणावी लागते. इक्विव्हॅलन्समध्ये शंकेला जागाच नाही, सगळे कंपाइल करतानाच ठरलेले. दोन्हीला एक शब्द देऊ नका.

व्युत्पत्तीवेडा
म्हणजे उर्फ वाचला! ‘उर्फ नाही’, ‘असेल उर्फ’, ‘अर्धा उर्फ’, ‘पक्का उर्फ’.

शुद्धमती
‘अर्धा उर्फ’? उर्फ हे अव्यय आहे, त्याला विशेषण कुठून लावलेत?