प्लग वितळतो, पण फ्यूज का उडत नाही?
गाडीच्या एसीच्या ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या पंख्याचा) वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर दोनदा बदलूनही त्याचा प्लग वितळतोय म्हणता, म्हणजे दोष बहुधा रेझिस्टरचा नाहीच. सैल पिनवर ०.१ ओहम रोध आणि १५ अँपिअर करंट एवढ्यावरच तिथे २२.५ वॉट उष्णता होते. करंट फ्यूजच्या मर्यादेतच, मग फ्यूज उडणार कसा? आधी ब्लोअरची मोटर काढून हाताने फिरवून बघा, जड फिरली तर ती जास्त करंट ओढते आणि प्लग आणखी तापतो. माझ्या जुन्या गाडीत बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकून मोटर जड झाली होती, त्यात पिंपळाची पानं अडकून हवाही अडलेली! रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेवर थंड होतो, हे आमच्या इलेक्ट्रिशियनच्या गावीही नव्हतं. नवा प्लग लावताना काळी पडलेली वायर मागे कापून चकचकीत तांब्यावरच पिन क्रिम्प करा (पकडीने दाबून घट्ट बसवा). मोठा (जास्त अँपिअरचा) फ्यूज टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका, वायरिंगच पेटू शकतं.