समुद्रावर तीन दिवस: कयाक, स्नॉर्केलिंग, स्कूबा कुठल्या क्रमाने?

नवखा४
चौघं तीन दिवस समुद्रावर जातोय. मुलं ९ आणि १३ वर्षांची. पोहता सगळ्यांना येतं, पण तलावात. कयाक आणि स्नॉर्केलिंग दुपारी ठेवलंय, कारण सकाळी कोणी उठत नाही. स्कूबा तिसऱ्या दिवशी ४ वाजता, विमान चौथ्या दिवशी सकाळी ८ ला. मला -३ चा चष्मा आहे. काही चुकतंय का?

खारेवारे
जवळजवळ सगळंच :)

स्कूबा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. श्वासातला नायट्रोजन दाबाखाली रक्तात विरघळतो आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डुबकीनंतर उड्डाणाआधी किमान १२ तास जायला हवेत, एकाहून जास्त झाल्या तर १८. तुमच्याकडे आहेत जेमतेम १६. म्हणजे 'आलोच आहोत तर आणखी एक' म्हणालात की गणित फसलं. गाडीने उंच घाट चढतानाही हाच नियम. नुसत्या स्नॉर्केलिंगला तो लागू नाही. खुल्या समुद्रात स्कूबासाठी वयाची अट सहसा १० वर्षं असते, त्यामुळे धाकट्याला आधीच सांगून ठेवा.

दुपार सोडा. जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि दुपारी २ ते ४ मध्ये जोरात असतात. पाण्यावर पांढरे तुरे सगळीकडे दिसायला लागले की वारा ताशी २० किमीच्या पुढे गेलेला असतो. नवख्यांनी तेव्हा कयाक काढूच नये.

वल्हेकरी
कयाक खाडीत चालवणार असाल तर भरतीचं कोष्टक बघूनच वेळ ठरवा. दिवसातून दोनदा भरती येते तिथे ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे ६ तास १२ मिनिटं लागतात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ ३ मीटर धरला तर पहिल्या तासात २५ सेंमी, दुसऱ्यात ५०, तिसऱ्या-चौथ्यात ७५-७५, मग परत ५० आणि २५. मधले दोन तास ओढ सगळ्यात जास्त. म्हणून भरतीच्या शेवटच्या दीड तासात आत जा, पाणी थांबलं की वळा आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पहिल्या तासात परत या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, ओढ बरीच कमी.

खाडीच्या मुखाशी मात्र जाऊ नका. सुकती बाहेर ढकलते, खारा वारा आत. दोघं समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात.

निघण्याआधी मागच्या टोकाचं बूच हाताने पिळून बघा. ते सैल असेल तर पोटात पाणी भरतं, कयाक जड होते आणि वळताना एका बाजूला लोळते. बैठकीतल्या आरपार भोकांतून थोडं पाणी वर येणं वेगळं, त्याने घाबरू नका. लाइफ जॅकेटचे पट्टे खालून वर आवळा, मग कोणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. धाकट्याला पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

नवखा४
बरं, सकाळीच उठवतो. सकाळी पाणी सपाट असतं, मग थोडं लांब गेलो तर चालेल?

खारेवारे
तिथेच फसगत होते. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. काठाजवळ लाट उठायला त्यांना अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी आरसा वाटतं. जाताना कयाक आपोआप पळते आणि परतताना तोच वारा तोंडावर. मूठभर कोरडी वाळू सोडून बघा. समुद्राकडे उडाली तर काठाला समांतरच जा, पाण्यात उतरलात तर उभं राहता येईल एवढ्याच खोलीत. हवेने फुगवलेल्या गाद्या आणि ट्यूब अशा वाऱ्यात पाण्यात नेऊच नका.

काचवाली
चष्म्याबद्दल: तो मास्कखाली घालता येत नाही, दांडीपाशी फट राहून पाणी शिरतं. नंबरच्या काचांचा मास्क भाड्याने मिळतो का ते विचारा. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे -२.५ मिळाला तरी भागेल.

माप असं बघा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर ठीक. मिशी किंवा केसाची एक बट आत अडकली तरी गळतो. अशा वेळी लोक पट्टा आवळतात. त्याने कडा दुमडते आणि उलट जास्त गळतं. कोऱ्या मास्कच्या काचेवर आतून चिकट थर असतो, तो साध्या टूथपेस्टने दोनदा घासून काढा, नाहीतर वाफ धरत राहील.

नळीत पाणी गेलं तर डोकं न उचलता 'टू' म्हणत एकदाच जोरात फुंकर मारा. हे कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा घोटून घ्या.

आणि थोरल्याला बजावा: बुडी मारण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, 'श्वास घे' हा इशारा उशिरा येतो आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.