‘गर्भवती नळी’: इम्प्रेग्नेटेडला मराठीत काय म्हणायचं?

रेघोटी
एका वैद्यकीय चाचणीचं संमतीपत्रक मराठीत करतेय. अतिदक्षता विभागात मानेतल्या मोठ्या शिरेत घालतात ती पॉलियुरेथेनची नळी, तिच्यात क्लोरहेक्सिडीन आणि सिल्व्हर सल्फाडायझिन. मूळ मजकुरात ‘कोटेड’ (वरून लेप दिलेली) आणि ‘इम्प्रेग्नेटेड’ (औषध आत भिनवलेली; इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ गर्भवती केलेली) हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात ‘किंवा’ने जोडून आलेत, त्यामुळे एका ‘लेप’वर भागत नाही. यंत्राकडून आलेला कच्चा खर्डा होता: ‘प्रतिजैविकांनी गर्भवती केलेली नळी’. हसून झालं, पण मलाही धड काही सुचेना. शेवटी ‘औषध मुरवलेली नळी’ लिहिलं.
आमच्याकडे मराठी झालं की दुसरा माणूस मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणतो आणि मग दोन्ही ताडून बघतात. त्यानं केलं ‘पिकल्ड ट्यूब’. समितीचा लाल शेरा आलाय. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

जुनाकंपाउंडर
मुरवलेली बरोबर आहे. लोणचं आठवलं तो त्या माणसाच्या पोटाचा प्रश्न. बदलू नका.

पाणलोट
‘मुरवलेली’ वाचलं की मला ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ आठवतं, आणि संमतीपत्रकात तेवढी एक शंका यायला नको. ‘जिरवलेली’ का नको? पाणी अडवा, पाणी जिरवा. उभा महाराष्ट्र ओळखतो.

खडीसाखर
जिरवलेली नळी! जंतूंची जिरवली म्हणजे काम फत्ते.

खलबत्ता
घरात शब्द असताना शेजारी कशाला मागायला जायचं? ‘भावना’. चूर्ण रसात भिजवायचं, घोटायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. आवळकाठीच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात. म्हणून ‘भावित नळी’. आणि कोटेडला ‘पुट दिलेली’. भगंदरावर बांधायचा औषधी दोरा, क्षारसूत्र, तो तर तुमच्या नळीचा पणजोबा. साध्या दोऱ्याला २१ पुटं: ११ निवडुंगाच्या चिकाची, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराची, शेवटची ३ चीक आणि हळदीची. प्रत्येक पुट वाळल्याशिवाय पुढचं चढत नाही. माझ्या गुरुजींकडे पावसाळ्यात हे काम बंद असायचं, दोरा वाळायचाच नाही.

खडीसाखर
‘भावना दिलेली नळी’ वाचून नातेवाईकांना कवितासंग्रह वाटेल.

रात्रपाळी
बावीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून सांगते. आधी ‘नलिका’ काढून टाका आणि नुसतं नळी लिहा. एका पत्रकात ‘गरजेनुसार मूत्रनलिका बदलण्यात येईल’ असं छापलं होतं. एका आजोबांनी सही करायला साफ नकार दिला. त्यांना वाटलं, शरीरातलीच काढून दुसरी बसवणार. मुलगा समजावून थकला. मी कपाटातली फोली, म्हणजे लघवीची रबरी नळी, आणून हातात दिली तेव्हा म्हणाले, “ही व्हय? मग आधी सांगायचं.”
‘औषधाची नळी’ही नको. तिचा अर्थ पेशंट सलाईनची असाच घेणार.
नळीलाच औषध कशाला, हे मात्र पत्रकात साध्या शब्दांत लिहा. बरेच दिवस राहिलेली लघवीची नळी काढली की टोकाला बुळबुळ लागते. पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवल्यावर लागते ना, अगदी तशी. जंतू त्या थरात घर करतात आणि शिरेतून दिलेलं औषध तिथं नीट पोचत नाही. ते चिकटायच्या आधीच गाठायचे, एवढीच गोष्ट आहे.
शब्दाचं म्हणाल तर आमच्या आयसीयूत रेघोटीताई म्हणतात त्या नळीला ‘निळी’ म्हणतात, कारण रंग निळा. “निळी आहे का साधी?” संपलं.

शुद्धमती
उद्या निळ्या रंगाची साधी नळी आली की काय करणार? बोली वॉर्डात ठीक, पत्रकाला शास्त्रीय संज्ञाच हवी. ‘सूक्ष्मजीवरोधक-संपृक्त बहुवारिक नळी’. पॉलिमरला बहुवारिक हा शब्द पाठ्यपुस्तकात आहेच. सावरकरांचा ‘महापौर’ लोकांनी सुरुवातीला हसण्यावारीच नेला असेल, आज मेयर कोण म्हणतं?

जुनाकंपाउंडर
हे नाव म्हणून होईपर्यंत नळी बदलायची वेळ येईल.

रेणू_जुळवा
रबर-प्लॅस्टिकच्या धंद्यात आहे, तर दोन पैसे माझे. लेप आणि मुरवणं यांत फरक आहे आणि तो शब्दात उतरायला हवा. डोक्यातलं पाणी पोटात उतरवायला सिलिकॉनची नळी घालतात, शंट. तिच्यासाठी नॉटिंगहॅमच्या रॉजर बेस्टन यांनी बसवलेली पद्धत अशी: रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं आणि नळी त्यात बुडवायची. सिलिकॉन फुगतं, साबुदाण्यासारखं. औषध आत शिरतं. मग क्लोरोफॉर्म उडून जातो, नळी आक्रसून मूळ मापाला येते आणि औषध आतच अडकून राहतं. रिफॅम्पिसिनमुळे नळी नारिंगी दिसते. टीबीच्या गोळ्या घेणाऱ्यांना तो रंग सांगायला नको.
आता याला तुम्ही ‘लेप’ म्हणणार? लेप खरवडून काढता येतो. चांदीचा मुलामा दिलेल्या नळ्या असतात, तिथं आपलं ‘चांदीचं पाणी दिलेली’ चपखल बसतं.
मात्र ‘मुरलेली’बद्दल माझी एक अडचण आहे. मुरलेलं आतच राहतं. इथं औषध थोडं थोडं बाहेर यायला हवं, नाहीतर उपयोग काय?

पाणलोट
मुरलेलं पाणीच पाझर म्हणून विहिरीत उतरतं, साहेब. आमच्या गावच्या टेकडीला विचारा.

रेणू_जुळवा
मान्य. मग ‘औषध मुरवलेली आणि पाझरणारी’.

खडीसाखर
म्हणजे गळकी.

खलबत्ता
चांदीचं पाणी दिलेल्यांचा उपयोगही तेवढाच, वरवरचा. शंटचीच २०१९ मधली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातली चाचणी बघा. १,६०५ रुग्ण. साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, चांदीवालीत ६ टक्के, औषध मुरवलेलीत २. भावना ती भावना.

रेणू_जुळवा
थांबा. तो फरक लेप विरुद्ध मुरवणं असा काढू नका, त्या शंटमधली चांदीही मुरवलेलीच होती, फरक औषधाचा. लॅन्सेटचीच २०१२ ची लघवीच्या नळीची चाचणी घ्या, ब्रिटनमधली २४ रुग्णालयं. लक्षणांसह संसर्ग साध्या नळीत १२.६ टक्के, चांदीवालीत १२.५, आणि नायट्रोफ्युराल हे जंतूंना मारणारं औषध मुरवलेलीत १०.६. मुरवलेली असूनही फरक एवढाच, वर त्या नळीचा त्रास जास्त झाला. शब्द चांगला म्हणून नळी चांगली होत नाही.

शुद्धमती
मूळ खर्ड्यातली खरी चूक कुणी पाहिलीच नाही. ‘प्रतिजैविक’! क्लोरहेक्सिडीन प्रतिजैविक कुठं आहे?

रात्रपाळी
हे मात्र खरं. ते अँटिसेप्टिक. पण ‘जंतुनाशक’ लिहिलं की लोकांना फिनेल आठवतं. ‘जंतूंना रोखणारं औषध’ लिहा, चार शब्द गेले तर जाऊ देत. सिल्व्हर सल्फाडायझिन म्हणजे भाजल्यावर लावायचं पांढरं मलम, तेही कंसात द्या, घराघरात माहीत आहे.
आणि ताई, ॲलर्जीची ओळ गाळू नका. क्लोरहेक्सिडीन असलेल्या नळ्यांनी जोराची रिॲक्शन येऊ शकते म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनानं, १९९८ मध्ये इशारा काढला होता. सल्फा सोसत नाही असेही खूप असतात. ‘या औषधांचं वावडं असल्यास आधी सांगा’ लिहा.

शुद्धमती
वावडं म्हणजे न आवडणं. ‘त्यांना एकमेकांचं वावडं आहे’. वैद्यकीय पत्रकात कसं चालेल?

जुनाकंपाउंडर
उलटं आहे. मूळ अर्थ अंगाला न सोसणं, माणसांचं वावडं नंतर आलं. आमच्या आजीला वांग्याचं वावडं होतं. आवड भरपूर होती, ताटातलं चोरून खायची आणि रात्रभर अंग खाजवायची.

रेघोटी
वावडं घेतलं, मूत्रनलिकेचा धडाही घेतला. पण माझा मूळ शब्द राहिलाच. ‘मुरवलेली’ ठेवून उलट भाषांतरवाल्याला टीप लिहू का?

खडीसाखर
टिपेत लिहा, मुरवणं म्हणजे फक्त लोणचं नाही, मुरांबाही असतो.

शुद्धमती
मुरांब्याचा मुरण्याशी संबंध नाही. अरबी ‘मुरब्बा’ फारसीतून आला.

पाणलोट
मग साखरांबा? गुळांबा? तेही अरबस्तानातून? मुरलेला आंबा तो मुरांबा, सरळ आहे.

शुद्धमती
आवळ्याचा मुरांबा कुठल्या झाडाच्या आंब्याचा करतात?

जुनाकंपाउंडर
आमच्याकडे आवळ्याच्याला ‘मोरावळा’ म्हणतात. म्हणजे ‘मुर’ सुटं झालंच की नाही? शब्द बाहेरून आला असेल, पण इथं येऊन मुरला.

रेघोटी
शुक्रवार उजाडला. समितीचं उत्तर: ‘इम्प्रेग्नेटेड’ देवनागरीत ठेवावं, पुढे कंसात ‘औषधयुक्त’. दिलं पाठवून. कोटेडलाही त्यांनी ‘औषधयुक्त’च केलंय, त्यामुळे वाक्य आता ‘औषधयुक्त किंवा औषधयुक्त’ असं आहे.

खलबत्ता
मोरावळ्यातला ‘मोर’ म्हणजे ‘मुर’च हे कशावरून? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काय म्हणतो, कुणाकडे १८५७ ची प्रत आहे का?