मदत हवी आहे: १९५६ च्या फोर्ड एफ-१०० पिकअपला पुढचे स्वतंत्र सस्पेंशन

या पिकअपचा पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसणारा मूळ सलग अ‍ॅक्सल काढून फोर्ड मस्टँग-२ या मोटारीच्या पद्धतीचे, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होऊ देणारे सस्पेंशन बसवायचे आहे. पुढच्या चाकांची मध्यरेषा ओळंब्याने चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) घेऊन पंचने खूण केली आहे; परंतु क्रॉसमेंबर (नवे सस्पेंशन धरणारा आडवा भाग) वेल्ड करताना चासी रिकामी ठेवावी, की इंजिनाच्या वजनासह अंतिम उंचीवर टेकवावी, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सी-आकाराची उघडी चासी त्याआधी पट्ट्या लावून बंद करणे मला आवश्यक वाटते.

स्टिअरिंगचा रॅक (चाके वळवणारा आडवा दांडा) ऑइल पॅनला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) अडल्यास काय बदलावे? (रॅकची उंची बदलल्यास टाय रॉडचा (रॅक चाकांशी जोडणाऱ्या दांडीचा) कोन बिघडून खड्ड्यात चाके आपोआप वळू लागतात, म्हणून तो उपाय कृपया सुचवू नये.)