मदत हवी आहे: एवढी फी माफ करायला विद्यापीठ पैसे आणतं कुठून?

तासगावकर: धाकट्या बहिणीला पत्र आलंय, निम्म्याहून जास्त फी 'गरजेनुसार मदत' म्हणून माफ. सोमवारपर्यंत कळवायचंय. आबा अडून बसलेत, फुकट कोण देतंय, पुढच्या वर्षी मागतील म्हणून. हा पैसा येतो कुठून? शेवटपर्यंत मिळतो का? लवकर सांगा.

कृष्णाकाठ: विद्यापीठ कुठलं? माफी का कर्ज? काहीच लिहिलं नाहीस.

सातारी_मास्तर: महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

कृष्णाकाठ: मास्तर, ते कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला तर. खासगी विद्यापीठांना लागूच नाही. शिवाय तो पैसा सरकारचा.

सातारी_मास्तर: सांगायला नको का? आमच्या साताऱ्यात बोर्डिंगातली पोरं जगवायला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' उभं केलं. हल्ली सगळ्यांना आयतं पाहिजे.

तासगावकर: अमेरिकेतलं आहे हो! 'ग्रँट' लिहिलंय.

कऱ्हाड_ते_बोस्टन: हे आधी सांगायचं ना. ग्रँट परत मागत नाहीत, आबांना सांग. जुन्या विद्यापीठांकडे देणग्यांची मोठी ठेव असते. तिच्यातून वर्षाला साधारण ४-५ टक्के खर्चाला काढतात, बाकी गुंतवलेलं राहतं. कित्येक देणग्या 'गरजू मुलांसाठीच' अशा अटीवर दिलेल्या असतात. ठेव लहान असली की पूर्ण फी भरणाऱ्यांच्या जिवावर बाकीच्यांचं बिल कमी करतात. परदेशी मुलांना तिथल्या सरकारची पेल ग्रँट मिळत नाही, म्हणजे हिचा भार विद्यापीठावरच. आता खरी मेख: काही ठिकाणी दरवर्षी उत्पन्नाचे कागद परत तपासतात, काही ठिकाणी चार वर्षांचा आकडा पहिल्याच वर्षी ठरतो आणि फी वाढली तर वाढ तुमच्या माथी. तुमचं यातलं कुठलं, ते आजच मेल करून विचार. उत्तर लेखी घे.

द्राक्षबाग: एका वर्षी बेदाण्याला भाव आला तर ग्रँट कापणार? अन् पुढच्या वर्षी गारपीट झाली की?

कऱ्हाड_ते_बोस्टन: फेरविचाराचा अर्ज करता येतो. बागेवरचं कर्ज, नुकसानीचा पंचनामा, सगळं जोडायचं. नुसता तहसीलदारांचा दाखला पाठवून भागत नाही.

तासगावकर: मेल टाकली. आबा आता विचारतायत, देणगी देणारा माणूस कोण? नाव कळेल का?

कऱ्हाड_ते_बोस्टन: ठरावीक देणगीतून असेल तर कळतं. आभाराचं पत्रसुद्धा लिहून घेतात.

द्राक्षबाग: बेदाणा सध्या काय भावानं चाललाय, कुणाला माहीत आहे का?