'बीभत्स' म्हणजे नक्की काय? ('पॅशन' सिनेमाच्या निमित्ताने)

मेल गिब्सनच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'वर २००४ साली जो गदारोळ झाला त्यावर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. सिनेमा २५ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) अमेरिकेत लागला, येशूचे शेवटचे काही तास, संवाद सगळे अरेमाइक, लॅटिन आणि हिब्रूत, आणि मारहाण इतकी की समीक्षक रॉजर ईबर्टने लिहिलं, मी पाहिलेला हा सगळ्यात हिंसक सिनेमा, १२६ मिनिटांतली निदान १०० मिनिटं छळ आणि मरण. तरी त्याने चारपैकी चार स्टार दिले. न्यूयॉर्क टाइम्सच्या ए. ओ. स्कॉटला मात्र सिनेमा प्रेमापेक्षा संतापातून निघालाय असं वाटलं, न्यूजवीकच्या डेव्हिड अ‍ॅन्सनला करुणा वाटायच्या ऐवजी आपल्यालाच मारहाण झाल्यासारखं वाटलं, आणि डेव्हिड एडलस्टीनने तर खरे खून शूट करून विकतात म्हणतात त्या सिनेमांच्या रांगेत याला नेऊन बसवलं. (ज्यूंच्या चित्रणावरून झालेला वाद वेगळा आणि मोठा आहे, तो इथे नको.)

मी सरळ 'बीभत्स हिंसा' लिहिलं. एका ख्रिस्ती मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती दुखावली, म्हणाली बीभत्स हा शब्द मी फक्त बारवर धाड पडल्याच्या बातमीत वाचते, 'बीभत्स हावभाव', 'बीभत्स नृत्य', तो येशूच्या जखमांना कसा लावतेस? तिचं म्हणणं मला पटतंय पण दुसरा शब्द सापडत नाहीये. भडक म्हटलं की रंग आणि मेकअप आठवतो, रक्तरंजित तर निवडणुकीलाही लावून लावून गुळगुळीत झालाय, आणि चॅनलवाल्यांचं 'विचलित करणारी दृश्यं' मला लिहायचं नाही. अजून एक, सैनिक मारतात ते फटके, कोरडे की आसूड?

*

ताई, बीभत्स काढू नका. बातम्यांनी त्याला अश्लीलच्या शेजारी नेऊन बसवलंय ही आताची गोष्ट, मूळ शब्द फार मोठा आहे, नऊ रसांपैकी एक. नाट्यशास्त्रात भरताने बीभत्साचे प्रकार सांगितलेत त्यात विष्ठा, किडे वगैरे पाहून येतो तो उद्वेगी आणि रक्तबिक्त पाहून येतो तो क्षोभज. म्हणजे तुमच्या सिनेमाला लागणारा अर्थ तिथे आयता आहे आणि त्यात अश्लीलतेचा वाससुद्धा नाही. या रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा (किळस), हा शब्द 'गुप्' म्हणजे राखणे, जपणे या धातूवरून आलाय, स्वतःला जपण्यासाठी मागे सरणं. अंग चोरणं, तोंड वाकडं होणं, उमासे येणं ही लक्षणं भरताने लिहून ठेवलीत, थिएटरमध्ये डोळ्यांवर हात घेऊन बसलेल्या माणसाचंच वर्णन आहे ते.

आणि मला वाटतं समीक्षकांचं भांडण नेमकं काय होतं ते याच भाषेत सगळ्यात स्वच्छ सांगता येतं. आपल्याकडे रस अंग असतो किंवा अंगी असतो. करुण किंवा भक्ती मुख्य आणि बीभत्स तिच्या मदतीला आला तर तो अंग, पण तोच सगळं व्यापून बसला की तो अंगी, मग करुणेला जागा उरत नाही. ईबर्टच्या लेखी बीभत्स अंग राहिला, स्कॉट आणि अ‍ॅन्सनच्या लेखी अंगी झाला. दोघांनाही रक्त तेवढंच दिसलं, म्हणून 'हिंसा जास्त आहे की नाही' असा वाद लेखात मांडलात तर तो चुकीचा मांडला जाईल.

माझं मत विचाराल तर सिनेमात दोन्ही आहेत. फटक्यांनंतर मरिया गुडघ्यावर बसून फरशीवरचं रक्त कापडाने टिपते, शुभवर्तमानात हे नाही, अ‍ॅना कॅथरिना एमेरिक नावाच्या जर्मन जोगिणीच्या दर्शनांवरून घेतलंय, पण तिथे बीभत्स खरोखर करुणात विरघळतो, मला तो प्रसंग अजून विसरता येत नाही. उलट क्रुसावरच्या एका चोराचा डोळा कावळा फोडतो ते कशासाठी? ती नुसती जुगुप्सा, तिच्यातून पुढे काहीच उगवत नाही. आणि हे काही गिब्सनने शोधून काढलेलं नाही हेही लिहा. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने १५१६ च्या सुमारास इसेनहाइमच्या मठासाठी रंगवलेला क्रुसावरचा येशू बघा, अंगभर फोडं, बोटं वेडीवाकडी, कातडी हिरवट. त्या मठात अंग जळणाऱ्या, सडणाऱ्या आजाराचे रोगी असायचे, त्यांना आपल्यासारखाच देह समोर दिसायचा. तिथे बीभत्स हाच दिलासा होता.

*

थोडं जोडतो. वेलांटी दीर्घ, बीभत्स. 'बिभत्स' आणि 'विभत्स' दोन्ही सर्रास टाइप होतात, दोन्ही चूक. आणि मैत्रिणीला हेही सांगा की अर्जुनाचं एक नाव बीभत्सु आहे, विराटपर्वात तो स्वतःच कारण देतो, युद्ध करताना मी बीभत्स कर्म करत नाही म्हणून. म्हणजे लढाईत रक्त सांडणार हे गृहीतच, तरी त्यातलं अमुक एक करायचं नाही अशी रेघ या शब्दात आहे.

*

मी वसईची, आमच्या चर्चमध्ये उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेची प्रार्थना) असते, लहानपणापासून चालतेय, त्यामुळे ताईंच्या मैत्रिणीला काय लागलं ते मला आतून कळतं. शब्दाचा अर्थ शास्त्रात काय आहे यापेक्षा तो कोणाकडे बोट दाखवतो हे आम्हाला आधी ऐकू येतं. 'बीभत्स जखमा' म्हटलं की बोट येशूच्या अंगाकडे जातं. 'सैनिकांचं बीभत्स कृत्य' म्हणा, मग माझी काही तक्रार नाही, उलट तोच शब्द हवा.

आमच्याकडे पॅशनला दुःखसहन म्हणतात आणि हल्लीच्या मराठीत 'फोटोग्राफी हे माझं पॅशन' म्हणतात त्याच्याशी याचा काही संबंध नाही, लॅटिनमधला मूळ अर्थच सोसणं. मला वाटतं चिडलेले समीक्षक मारणाऱ्यांकडे बघत होते आणि रडत बाहेर पडणारे लोक सोसणाऱ्याकडे. सिनेमाची सुरुवातच यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या ओळीने होते, त्याच्या जखमांनी आपण बरे झालो ही. ती ओळ जो मनात धरून बसला त्याला पुढचं रक्त वेगळं दिसतं. तरी एक कबूल करते, योहानाच्या शुभवर्तमानात फटक्यांचं एकच वाक्य आहे, रोमन सुभेदार पिलाताने येशूला फटके मारवले, बस्स, आणि रोझरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत, त्या एका वाक्यावर आम्ही दहा नमो मरिया म्हणतो. तेवढी जागा सिनेमा आपल्याला देत नाही, सगळं स्वतःच दाखवून टाकतो, आणि हे मला हिंसेपेक्षाही जास्त खटकलं.

*

दुःखसहन घेतेच, आणि 'बीभत्स' सैनिकांच्या बाजूला ठेवते, अंग-अंगीचा परिच्छेदही हवाच आहे. २००५ ला गिब्सनने पाचेक मिनिटांची मारहाण कापून सिनेमा पुन्हा आणला होता, ती आवृत्ती फारशी चालली नाही, ते आता याच मुद्द्यापाशी लिहिता येईल, कारण रक्त पाच मिनिटांनी कमी झाल्याने कोणाचाच आक्षेप सुटणार नव्हता. फटके, कोरडे राहिलंच पण.

*

कोरडे लिहा. सिनेमात आधी छड्या आहेत, त्यांना फटके चालेल, पण नंतर सैनिक टोकांना अणकुचीदार तुकडे बांधलेला वादीचा चाबूक उचलतात, तिथे फटके फारच हलका पडतो, शाळेतल्या मास्तरांनीही फटकेच मारले आपल्याला. आसूड म्हटला की बैल आणि पोतराज डोळ्यांसमोर येतो, पोतराज तर स्वतःच्याच अंगावर ओढतो. कोरड्यात शिक्षा देणारा दुसरा कोणीतरी असतो. फक्त त्याच लेखात 'समीक्षकांनी सिनेमावर कोरडे ओढले' असं चुकूनही येऊ देऊ नका, झोड उठवली म्हणा.