शनिवारी म्युझियम: पास लागतो का?

मीनल:
आत्ता सोलापुरातच आहे. गुरुवारी आईबाबांना घेऊन परत निघतेय, शनिवारी वॉशिंग्टनचं अमेरिकन हिस्ट्री म्युझियम करायचंय. जाऊबाई म्हणतात आधी पास काढावा लागतो, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. कुठे काढायचा? बाबांचा गुडघा माहितीच आहे, ताटकळणं जमायचं नाही. आणि डबा चालतो का? आईची कडक भाकरी थापून झाली सुद्धा.

श्रीकांत:
पास नाही, तिकीट नाही, सरळ जा. पास लागतो तो शेजारच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला. तोही फुकटच, पण वेळ आधी ठरवावी लागते. मागच्या सहलीत हाच घोळ झाला. तेव्हाही लिहिलं होतं, पण मेल वाचतं कोण! दहाला उघडतं, दारात पिशव्या तपासतात. यापुढे सहलीचे प्रश्न समितीच्या पत्त्यावर पाठवावेत.

वासंतीकाकू:
पोरीनं साधं विचारलं, त्यात समिती कुठून आली? मीनल, दालनात खाऊ देत नाहीत. बाहेर नॅशनल मॉलवर, म्हणजे म्युझियमपुढच्या लांबलचक हिरवळीवर, बाकडी आहेत, तिथं सोडा डबा. शेंगाचटणी मात्र विमानात चेक-इन बॅगेत टाक, आमच्या पिशवीला तेल सुटलं होतं.

अनंतकाका:
चटणी राहू दे, बाबांना आधी झेंडा दाखव. अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्यावरून सुचलं तोच, १८१४ साली इंग्रजांशी लढताना बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर फडकलेला. पट्टे लोकरीचे, तारे सुती. मुळात ४२ फूट लांब, आता ३४च उरलाय. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले, १५ ताऱ्यांतला एक तारासुद्धा! उजेड अगदी मंद ठेवलाय, नजर बसायला वेळ लागतो. मी जन्मभर गिरणीत साच्यावर काढलेला माणूस, ती उसवलेली कड बघत उभाच राहिलो. नातू ओढत होता. त्याला म्हटलं, १९३० साली आपल्या सोलापूरच्या नगरपालिकेवरही तिरंगा चढला होता, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता. ते कोण दाखवणार रे तुला?

श्रीकांत:
काका, मार्शल लॉ वेगळ्या मेलवर घ्या.

अनंतकाका:
चार हुतात्म्यांच्या गावचा तू, आणि वेगळी मेल?

वासंतीकाकू:
बरोबर बोललात. गणपतीच्या कार्यक्रमातही त्यानं असंच केलं होतं.

मीनल:
पास नको, कळलं. पण बाबांना कुठल्या दारानं नेऊ? कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूच्या की मॉलच्या?

अनंतकाका:
मॉलच्या. तिकडून शिरलीस की थेट दुसऱ्या मजल्यावर निघतेस, झेंडा तिथंच. व्हीलचेअर फुकट मिळते, पण मोजक्याच असतात. दहाच्या ठोक्याला पोच.